१.१६ इंच

दुसऱ्याचा कोड वाचताना मधेच एखादा सुटा आकडा दिसला, आणि तो कुठून आला याची कॉमेंट नसली, की माझं डोकं फिरतं. आमच्या धंद्यात याला मॅजिक नंबर म्हणतात. कोणीतरी कधीतरी काहीतरी विचार करून तो लिहिलेला असतो. विचार करणारा नोकरी सोडून जातो, आकडा मागे राहतो. पुढे तो बदलायची कोणाची टाप नसते.

असाच एक आकडा मला कोडमध्ये नाही, तर हरणांच्या शिकारीच्या नियमांत भेटला. गाव कोलंबस, इंडियाना. (पुण्यातल्या इंजिनियर मंडळींना हे गाव वेगळं सांगायला नको.) तिथल्या ऑफिसात एक अमेरिकन सहकारी होता, वयाने माझ्या वडिलांएवढा. दर नोव्हेंबरात चार दिवस सुट्टी टाकून तो हरणाच्या शिकारीला जायचा. तीही रायफल नाही, रिव्हॉल्व्हर घेऊन! एकदा जेवणाच्या टेबलावर त्याची नियमांची पुस्तिका पडली होती, ती मी डबा खाता खाता चाळली. हरणासाठी हँडगन वापरायची तर नळी किमान ४ इंच हवी, गोळीचा व्यास किमान ०.२४३ इंच हवा, आणि गोळी सोडून काडतुसाची नुसती पुंगळी किमान १.१६ इंच लांब हवी.

एक पूर्णांक सोळा शतांश. सव्वा का नाही? एक का नाही?

त्याचं उत्तर शोधता शोधता मी जवळजवळ सव्वाशे वर्षं मागे गेलो. तीच गोष्ट आज सांगतो.

आधी एक शंका मिटवू. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून हरणाची शिकार म्हणजे थेट तुरुंग. तिथे मात्र सरकारच परवाने देतं, आणि त्याला कारण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार कत्तलीमुळे पांढऱ्या शेपटीचं हरीण, म्हणजे व्हाइटटेल, अमेरिकेत साधारण पाच लाखांवर आलं होतं. आज ती संख्या तीन कोटींच्या घरात आहे. लांडगे बहुतेक ठिकाणी संपले, मक्याची शेतं वाढली, त्यामुळे शिकारी माणूस हाच आता हरणाचा मुख्य शत्रू. त्यातही गंमत अशी, की १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. १९७०मध्ये हँडगनवरचा १० टक्के करही त्यात आला. म्हणजे हरणं परत आली ती बऱ्याच अंशी हरणं मारणाऱ्यांच्या पैशावर. पटो न पटो, हिशोब असा आहे.

आता रिव्हॉल्व्हरच का? एक म्हणजे इंडियानासारखी राज्यं सपाट आणि वस्तीची. रायफलची गोळी चुकली तर मैलभर जाते, म्हणून तिथे बरीच वर्षं हरणासाठी रायफलला मनाईच होती. दुसरं म्हणजे हौस. हँडगनने मारायचं तर हरणाच्या जवळ जावं लागतं, आणि जवळ जाणं अवघड असतं. पण इथेच खरा प्रश्न उभा राहतो. हँडगनचं काडतूस मुळात माणसासाठी, तेही समोरासमोरच्या अंतरासाठी बनलेलं. त्याने ७०-८० किलोचं जनावर झटकन मरेल का? की जखमी होऊन झुडपात जाईल, आणि रात्रभर तडफडेल? काडतूस निवडणं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर देणं. बाकी सगळी चर्चा त्याच्या मागून.

या गोष्टीचा नायक (काहींच्या मते खलनायक) एल्मर कीथ. जन्म १८९९, मिसूरीतला. मोठा झाला माँटाना-आयडाहोच्या डोंगरात. लहानपणी एका हॉटेलच्या आगीत तो भयानक भाजला. डावा हात आखडून वाकडा झाला, तो घरच्यांनीच बोटं मोडून सरळ बसवला म्हणे. असा हा पोरगा पुढे गुराखी झाला, शिकाऱ्यांचा वाटाड्या झाला, आणि मासिकांतून बंदुकांवर लिहू लागला. अंगकाठी लहान, डोक्यावर भली मोठी हॅट, तोंडात चिरूट. आणि एकच ध्यास: कमरेच्या रिव्हॉल्व्हरमध्ये एवढी ताकद हवी, की समोर आलेलं मोठं जनावर एका गोळीत पडलं पाहिजे.

तेव्हा बाजारात काय होतं? .३८ स्पेशल, १८९८च्या सुमाराचं. गोळी १५८ ग्रेनची (ग्रेन म्हणजे आपली साधारण अर्धी गुंज, त्यामुळे गोळी सुमारे १० ग्रॅमची), वेग सेकंदाला २३० मीटरच्या आसपास. पोलिसांना पुरेसं, हरणाला नाही. दुसरं .४५ कोल्ट, १८७३चं, जाड गोळीचं, वेस्टर्न सिनेमातलं. कीथने हेच धरलं आणि त्यात जास्तीत जास्त दारू ठासून स्वतःची काडतुसं भरायला लागला. आपण प्रोसेसर ओव्हरक्लॉक करतो ना, तसं. फरक एवढाच, की आपला प्रोसेसर फार तर जळतो.

४ जुलै १९२५. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. कीथने आनंदाच्या भरात आपल्या .४५ मधून हवेत बार काढायला सुरुवात केली, आणि रिव्हॉल्व्हर हातातच फुटलं. फिरत्या सिलिंडरचा वरचा भागच उडून गेला. पठ्ठ्या वाचला. घाबरून गप्प बसायचं सोडून त्याने काय केलं असेल? फुटलेल्या तुकड्यांचं पोस्टमॉर्टेम केलं, आणि त्यावर लेख लिहिला!

निष्कर्ष साधा होता आणि एखाद्या इंजिनियरला शोभेल असा होता. .४५ चं काडतूस जाड, त्यामुळे सिलिंडरमध्ये सहा भोकं पाडली की दोन भोकांमधली लोखंडाची भिंत पातळ उरते. त्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये थोडं बारीक काडतूस घेतलं, तर भिंत जाड होईल आणि जास्त दाब सोसेल. असं बारीक काडतूस तयारच होतं: .४४ स्पेशल, १९०७-०८च्या सुमारास स्मिथ अँड वेसनने आणलेलं. कारखान्यातून येताना ते अगदीच मवाळ असायचं. २४६ ग्रेनची गोळी, वेग .३८ एवढाच. कीथने त्याच्यासाठी स्वतः गोळीचा आकार ठरवला, सपाट तोंडाची आणि धारदार खांद्याची, सुमारे २५० ग्रेनची. लायमन कंपनीने तिचा साचा ४२९४२१ या नंबराने बाजारात आणला. हरहुन्नरी लोक घरी शिसं ओतून ही गोळी आजही पाडतात. तिला त्याने सेकंदाला १२०० फूट, म्हणजे ३६५ मीटर वेग दिला. आणि मग पुढची जवळजवळ तीस वर्षं तो कारखान्यांच्या मागे लागला, की बाबांनो, हे तुम्हीच बनवून विका.

कारखाने हलले, पण आधी दुसऱ्याच दिशेने. १९३५ मध्ये डग्लस वेसन, फिलिप शार्प हा लेखक आणि विंचेस्टर कंपनी यांच्या खटपटीतून .३५७ मॅग्नम जन्माला आलं. नावावर जाऊ नका. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम यांच्या गोळीचा व्यास एकच, ०.३५७ इंच. ३८ हा आकडा जुन्या काळच्या मापाचा अवशेष. नवीन काडतुसात दाब प्रचंड होता, म्हणून ते चुकून जुन्या .३८ मध्ये घातलं जाऊ नये यासाठी पुंगळी ०.१३५ इंचाने, म्हणजे साडेतीन मिलिमीटरने लांब केली. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ चालतं, उलटं चालत नाही. बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणजे काय हे नवीन पोरांना समजवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

वेग एकदम दुप्पट, सेकंदाला ४६० मीटर (पावणेनऊ इंची नळीतून). ऐन मंदीत या रिव्हॉल्व्हरची किंमत होती ६० डॉलर, तरी मागणी आवरेना. डग वेसन स्वतः ते घेऊन शिकारीला गेला आणि एल्क, मूस असली घोड्याएवढी जनावरं मारून आला. जाहिरात जोरदार झाली. पण मालकाने मूस मारला म्हणजे कोणीही मारू शकेल असं नाही. डेमो आणि प्रॉडक्शन यातला फरक तेव्हाही होताच.

कीथला .३५७ आवडलं, पण त्याचं समाधान काही होईना. गोळी हलकी, भोक लहान. इथे त्याचं जन्मभराचं भांडण आठवतं, जॅक ओ'कॉनर या दुसऱ्या लेखकाशी. ओ'कॉनर पत्रकारितेचा प्राध्यापक, लिहायचा सुंदर, आणि त्याचा भरवसा .२७० रायफलच्या हलक्या, वेगवान गोळीवर. कीथचा भरवसा जड, जाड, संथ गोळीवर. गावसकर मोठा की विश्वनाथ यावर आपल्याकडे जेवढी भांडणं झाली असतील, तेवढी तिकडे या दोघांवरून झाली.

शेवटी १९५५च्या डिसेंबरात स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी मिळून .४४ मॅग्नम तयार केलं, आणि १९५६च्या जानेवारीत ते जगासमोर आलं. पुन्हा तीच युक्ती: .४४ स्पेशलची पुंगळी एक अष्टमांश इंचाने लांब. पण यात एक गंमत आहे. कीथने मागितला होता सेकंदाला १२०० फूट वेग. कंपन्यांनी २४० ग्रेनच्या गोळीला दिला १४७० फूट. जन्मभर 'अजून ताकद हवी' म्हणणाऱ्या माणसालाही मागितल्यापेक्षा जास्त मिळालं! ज्यूलच्या भाषेत सांगायचं तर .३८ स्पेशल सुमारे २७०, .३५७ सुमारे ११००, आणि हे साडेपंधराशे.

मग व्हायचं तेच झालं. लोकांनी हौसेने घेतलं, सहा बार काढले, मनगट चोळलं आणि दुकानात परत नेऊन विकलं. जुन्या .४४ सोबत पन्नासच्या खोक्यात ४४ काडतुसं शिल्लक मिळतात, असा विनोद शिकारी लोकांत प्रसिद्ध आहे. १९७१ मध्ये 'डर्टी हॅरी' आला, क्लिंट ईस्टवुडच्या हातात हे धूड दिसलं, आणि ज्यांनी आयुष्यात हरीण पाहिलं नव्हतं त्यांनीही रांगा लावल्या.

कीथची एक गोष्ट मात्र राहिलीच. सोबत्याच्या रायफलने एक हरीण जखमी झालं आणि पळत सुटलं. कीथजवळ फक्त साडेसहा इंची .४४ मॅग्नम. त्याने सुमारे ६०० यार्डांवरून, म्हणजे जवळजवळ साडेपाचशे मीटरवरून, ते हरीण टिपलं असं तो सांगायचा. लोकांनी त्याला थापाड्या म्हटलं. १९८४ मध्ये वारला, तोपर्यंत तो या दाव्यावर ठाम होता. टिपलं की नाही, हा वाद चालू राहू दे. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. तो विक्रम करायला निघाला नव्हता. जनावर जखमी होऊन नजरेआड चाललं होतं, आणि हातात जे होतं त्याने ते थांबवायचं होतं. ज्यांनी ही गोष्ट वाचून साडेपाचशे मीटरवरच्या धडधाकट हरणावर नेम धरला असेल, त्यांना ती कळलीच नाही.

पुढची शर्यत थोडक्यात सांगतो. .४५४ कॅसुल पन्नाशीच्या दशकात कल्पनेत आलं, १९८३ मध्ये वायोमिंगच्या फ्रीडम आर्म्सने त्याची रिव्हॉल्व्हरं विकायला काढली. ऊर्जा अडीच हजार ज्यूल. २००३ मध्ये आलं .५०० स्मिथ अँड वेसन, साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ मोठ्या रायफलएवढं. दुसऱ्या बाजूने वॉरेन सेंटरने १९६७ मध्ये कंटेंडर नावाचं एकबारी पिस्तूल काढलं, ज्याची नळी बदलून चक्क रायफलची काडतुसंही वापरता येतात. हँडगन म्हणायची ती फक्त खांद्याला लावत नाहीत म्हणून.

पण हरणाला नक्की मारतं काय? ऊर्जा? याचं नीट उत्तर शिकाऱ्यांनी नाही, तर एका लष्करी सर्जनने दिलं. मार्टिन फॅकलर यांनी १९८०च्या दशकात जिलेटिनच्या ठोकळ्यांवर गोळ्या झाडून जखमांचा अभ्यास केला. १९८६ मध्ये मायामीतल्या चकमकीत एफबीआयची माणसं मेली, त्यानंतर एफबीआयनेही हा विचार उचलला. सार असं: रायफलच्या वेगाने गोळी गेली तर आजूबाजूचं मांसही ताणून फाटतं. हँडगनच्या वेगात बहुतेक मांस ताणलं जातं आणि पुन्हा जागेवर येतं. उरतं ते गोळीने प्रत्यक्ष पाडलेलं भोक. म्हणजे ज्यूल कितीही मोजा, शेवटी भोक किती रुंद, किती खोल, आणि कुठे, एवढंच महत्त्वाचं. आकडेमोड न करता कीथ जे ओरडून सांगत होता, त्यातलं बरंच बरोबर निघालं.

हरणाची छाती आडवी मोजली तर फूटभर. दोन्ही फुप्फुसांतून आरपार भोक गेलं, तर रक्तदाब कोसळून काही सेकंदांत खेळ संपतो. तेवढ्यात ते शंभरेक मीटर पळतं, पण आरपार भोकामुळे रक्ताचा माग सापडतो. म्हणूनच नियमात आणखी एक ओळ असते: पूर्ण कठीण आवरणाची गोळी चालणार नाही. गोळी आत गेल्यावर फुलली पाहिजे, भोक रुंद झालं पाहिजे. या फुलणाऱ्या गोळीचं सगळ्यात बदनाम नाव आपल्या देशातलं आहे, बरं का. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले याने ब्रिटिश फौजेसाठी अशी गोळी बनवली, म्हणून ती डमडम. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात तिच्यावर बंदी आली, कारण ती अमानुष. आणि शिकारीच्या कायद्यात तीच सक्तीची, कारण न फुलणारी गोळी अमानुष! सैनिक जखमी झाला तर त्याला उचलायला स्ट्रेचर येतं, हरणाला येत नाही. म्हणून एकच गोष्ट एकीकडे क्रौर्य आणि दुसरीकडे दया ठरते.

आता आपला १.१६. .३८ स्पेशलची पुंगळी १.१५५ इंच. म्हणजे नापास, अवघ्या पाच सहस्रांश इंचाने. वहीच्या एका पानाची जाडी म्हणा. .४४ स्पेशलची बरोब्बर १.१६, काठावर पास. .३५७ ची १.२९ आणि .४४ मॅग्नमची १.२८५, दोन्ही आरामात पास. म्हणजे हा आकडा .३८ च्या डोक्यावरून सुतासारखा सरळ ओढलेला. जंगलात फिरणाऱ्या वॉर्डनला गोळीचा वेग मोजता येत नाही, पण व्हर्नियरने पुंगळी मोजता येते. लांब पुंगळी म्हणजे जास्त दारू, जास्त दारू म्हणजे जास्त ताकद. सोपा नियम.

सोपा, पण कोडच्या ओळी मोजून प्रोग्रामरचं काम ठरवण्याइतकाच. .३८ आणि .४४ स्पेशल ही काळ्या दारूच्या वंशातली काडतुसं. ती दारू जागा फार खायची, म्हणून पुंगळ्या ऐसपैस. बिनधुराची दारू आल्यावर आत निम्मी जागा रिकामीच राहू लागली. १९८३ चं १० मिलिमीटर ऑटो हे बिनधुराच्या दारूसाठीच बनलेलं, म्हणून आखूड, ०.९९२ इंच. कारखान्यात भरलेल्या मवाळ .४४ स्पेशलपेक्षा त्यात दुप्पट ऊर्जा. पण या नियमाने .४४ स्पेशल पास आणि १० मिलिमीटर नापास! मोजता येतं ते मोजायचं आणि हवं होतं ते मिळालं समजायचं, हा रोग आमच्याच धंद्यात आहे असं नाही.

एवढं सगळं वाचून झाल्यावर, फुशारकीने, मी त्या सहकाऱ्याला विचारलं, की मग सगळ्यात योग्य काडतूस कुठलं? .४५४ का?

तो म्हणाला, एके काळी तो .३५७ वापरायचा. एका संध्याकाळी सत्तर-ऐंशी मीटरवर मोठा नर दिसला. त्याचा हात पन्नासपर्यंतच बसलेला होता, हे त्याला माहीत होतं. तरी चाप ओढला. गोळी लागली. थोडं रक्त, मग कापलेल्या मक्याची खुंटं, मग अंधार. टॉर्च घेऊन मध्यरात्रीपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून शोधलं. सापडलं नाही. पुढच्या वर्षी त्याने .४४ मॅग्नम घेतलं. "पण चूक काडतुसाची नव्हती," तो म्हणाला. "मोठं घेतलं ते स्वतःच्या समाधानासाठी. खरा बदल हा, की आता मी पन्नासच्या पुढे हात उचलत नाही." .५०० त्याने एकदा झाडून पाहिलं होतं. दुसऱ्या बाराला डोळे आपोआप मिटले, म्हणाला. डोळे मिटून मारलेल्या गोळीचे ज्यूल मोजून काय करायचं?

त्यावर्षीच्या नोव्हेंबरात तो चार दिवस जंगलात बसून परत आला. काही मिळालं का, विचारलं. तीन हरणं दिसली, म्हणाला. एक पंचावन्न मीटरवर होतं.

आणि मशीनमधून कॉफी ओतून घेऊन आपल्या जागेवर गेला.